मेगावॅटची बातमी कशी वाचावी

‘५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू’, ‘पवनऊर्जेची क्षमता दुप्पट’, ‘अमुक देश शंभर टक्के हरित विजेवर’. अशा बातम्या वाचून माणूस एक तर भारावतो, नाहीतर ‘सगळं थोतांड आहे’ म्हणत पुढे जातो. दोन्हींची गरज नाही. बातमीतला आकडा स्वतःला तपासता येतो. गुणाकार आणि भागाकार आले की पुरे.

माझी सगळी नोकरी लोड डिस्पॅच सेंटरमध्ये, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या नियंत्रण कक्षात गेली. समोरच्या फलकावर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास टिकते आहे ना ते बघायचं, घसरायला लागली की एखाद्या वीजकेंद्राला फोन करून ‘शंभर वाढवा’ म्हणायचं, चढायला लागली की कमी करायला सांगायचं. केंद्र केवढं आहे याचं कौतुक उद्घाटनाच्या दिवशी. आम्हाला मतलब एकाच गोष्टीशी: संध्याकाळी सातला किती देणार? नव्याने रुजू झालेल्या मुलांना मी काही प्रश्न विचारायला शिकवायची, तेच इथे देते. इतिहास आपोआप येईल. यातला प्रत्येक प्रश्न यंत्र उभं करताना कोणाला तरी आधीच पडलेला आहे.

आधी मेगावॅटचे युनिट करा

मेगावॅट म्हणजे यंत्राची ताकद. आपण वापरतो ते युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. १,००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट खर्ची पडतं. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हा १०० मेगावॅटचं, म्हणजे १ लाख किलोवॅटचं केंद्र वर्षभर क्षणाचीही विश्रांती न घेता पूर्ण ताकदीने चाललं, तर ८७ कोटी ६० लाख युनिट देईल. तसं कुठलंच केंद्र चालत नाही. प्रत्यक्षात या कमाल आकड्याचा किती भाग मिळतो, त्या टक्केवारीला आम्ही प्लांट लोड फॅक्टर म्हणतो.

ढोबळ आकडे लक्षात ठेवा. सौर १० ते २५ टक्के, जमिनीवरची पवनचक्की २५ ते ४०, समुद्रातली चांगली असेल तर ४० ते ५०. भूऔष्णिक केंद्रं ७५च्या पुढे जातात, कारण जमिनीखालची वाफ दिवस-रात्र ओळखत नाही. सौरचे २० टक्के धरले तर आपल्या १०० मेगावॅटचे वर्षाला १७ कोटी ५२ लाख युनिट होतात. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल.

जलविद्युतला मी मुद्दाम टक्केवारी दिली नाही, कारण तिथे सगळा खेळ नदीचा. यासाठी माझं आवडतं उदाहरण दोन धरणांचं आहे. चीनमधल्या थ्री गॉर्जेसची क्षमता २२,५०० मेगावॅट. ब्राझील आणि पॅराग्वेच्या सीमेवरच्या इताइपूची १४,०००. बातमी वाचणारा म्हणेल, पहिलं दीडपटीहून मोठं. पण २०१६ साली इताइपूने १०,३०० कोटी युनिट दिले आणि त्या वर्षी थ्री गॉर्जेसला मागे टाकलं. पाराना नदीला वर्षभर बऱ्यापैकी सारखं पाणी असतं, यांगत्सेचं पाणी पावसाळ्यात लोटतं आणि हिवाळ्यात ओसरतं. १४,००० गुणिले त्या लीप वर्षाचे ८,७८४ तास करून बघा. इताइपूचा लोड फॅक्टर ८० टक्क्यांच्या वर येतो.

लोड फॅक्टर वेगळा, कार्यक्षमता वेगळी

‘सोलर पॅनेल फक्त २० टक्के कार्यक्षम, म्हणजे ८० टक्के वेळ बंद’ असं वाक्य मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. कार्यक्षमता म्हणजे पॅनेलवर पडलेल्या उन्हातलं किती विजेत बदललं. लोड फॅक्टर म्हणजे वर्षभरात ताकदीच्या मानाने किती काम झालं. रात्र होते हा काही पॅनेलचा दोष नव्हे.

प्रकाशातून वीज निघते हे फ्रान्समध्ये एदमों बेकरेलने १८३९ साली पाहिलं. चार्ल्स फ्रिट्सने १८८३ मध्ये सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन सौर घट बनवला, त्याची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. तेवढ्यावर काहीच चालवता येत नव्हतं. खरी वाट १९५४ साली उघडली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा घट केला आणि ६ टक्क्यांपर्यंत मजल मारली. चार वर्षांनी व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह वर गेला. त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर त्याच वर्षी गप्प झाला, सौर घटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. आज बाजारातली चांगली पॅनेल २० ते २४ टक्क्यांची असतात. एकाच पदार्थाच्या साध्या घटाला ३३ टक्क्यांच्या आसपास निसर्गाचीच मर्यादा आहे, हे शॉकले आणि क्वाइसर यांनी १९६१ साली मांडलेल्या हिशोबातून कळतं. वाऱ्याचीही अशीच मर्यादा आहे. अल्बर्ट बेट्झने १९१९ साली दाखवलं की वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जाच पात्याला काढता येते, कारण सगळी काढली तर हवा पात्यामागे थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेला जायला जागाच उरणार नाही.

हे दोन आकडे चाळणीसारखे वापरा. ‘क्रांतिकारी पवनचक्की, ८० टक्के कार्यक्षम’ अशी जाहिरात दिसली की पुढे वाचायची तसदी घेऊ नका.

पॅनेलवर लिहिलेल्या वॅटबद्दलही एक गोष्ट माहीत हवी. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो: चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि घटाचं तापमान २५ अंश. भर दुपारी छतावरचं पॅनेल याच्या कितीतरी पुढे तापतं आणि दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के ताकद गमावतं. म्हणून कडक ऊन आणि गार हवा असलेला दिवस सौर केंद्राला सगळ्यात मानवतो. उन्हाळ्याच्या ऐन काहिलीत विक्रम का होत नाही असं नव्या मुलांना वाटायचं, त्याचं कारण हे.

वाऱ्याची सरासरी सांगितली तर सावध व्हा

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट. वेग सव्वापट झाला तरी शक्ती जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ‘इथे वाऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला ६ मीटर’ हे वाक्य अर्धवट आहे. समजा एका जागी वारा सतत ६ने वाहतो. दुसऱ्या जागी अर्धा वेळ ४ने आणि अर्धा वेळ ८ने. सरासरी दोन्हीकडे ६च. पण पहिल्या जागी ६चा घन २१६, दुसऱ्या जागी ६४ आणि ५१२ यांची सरासरी २८८. तितक्याच सरासरीत शक्ती तिसऱ्या हिश्शाने जास्त.

मोजून मगच बोलायची सवय या क्षेत्रात जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने लावली. पाणचक्क्या त्याच्या आधी शेकडो वर्षं होत्या. १०८६ साली इंग्लंडची मोजदाद झाली तेव्हाच पाच हजारांहून जास्त नोंदल्या गेल्या. इराणच्या पूर्वेकडे तर हजार वर्षांपूर्वी उभ्या आसाच्या पवनचक्क्या धान्य दळत होत्या. पण कोणतं चाक चांगलं यावर नुसते वाद होते. स्मीटनने लहान प्रतिकृती केल्या, वजनं उचलायला लावली आणि १७५९ साली निकाल छापला: वरून पाणी पडणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकापेक्षा साधारण दुप्पट काम देतं. वाद मिटला.

वाऱ्यापासून वीज पहिल्यांदा काढणाऱ्यांपैकी एक होता स्कॉटलंडचा जेम्स ब्लाइथ. १८८७ साली मारीकर्क गावातल्या त्याच्या सुट्टीतल्या घराचे दिवे पवनचक्कीवर लागले. उरलेली वीज गावच्या रस्त्याला देऊ केली, तर गावकऱ्यांनी ती सैतानाची करणी म्हणून नाकारली असं सांगतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रशने क्लीव्हलंडमधल्या आपल्या अंगणात १७ मीटर व्यासाचं चक्र उभारलं. १४४ पाती, आणि वीज फक्त १२ किलोवॅट. एवढी पाती लावून एवढीच वीज का, याचं उत्तर डेन्मार्कच्या पोल ला कूरने शोधलं. आस्कोव गावच्या शाळेत शिकवणारा हा माणूस १८९१पासून प्रयोग करत होता. त्याला आढळलं की जनित्रासाठी थोडी आणि वेगाने फिरणारी पातीच बरी. आज टेकडीवर तीन पात्यांचं चक्र दिसतं, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

मोठं म्हणजे चांगलं, या समजुतीचा निकालही वाऱ्यानेच लावला. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका डोंगरावर १९४१ साली सव्वा मेगावॅटचं अवाढव्य यंत्र उभं राहिलं. १९४५ साली त्याचं एक पातं तुटून पडलं आणि प्रकल्प तिथेच संपला. ला कूरच्या हाताखाली शिकलेल्या योहानेस यूलने १९५७ साली डेन्मार्कमध्ये गेडसरला अवघ्या २०० किलोवॅटची चक्की लावली आणि ती दहा वर्षं निमूट चालली. पुढच्या डॅनिश पवनचक्क्या तिच्यावरून घडल्या, आणि आज त्या देशाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची आहे. मला विचाराल तर या क्षेत्रातला खरा नायक यूल.

कधी मिळणार?

हा प्रश्न बातमीत जवळजवळ कधीच नसतो आणि नियंत्रण कक्षात दुसरा प्रश्नच नसतो. ग्रिडमध्ये जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्याच क्षणी तयार व्हावी लागते. कमी पडली तर फ्रिक्वेन्सी घसरते, जास्त झाली तर चढते. दुपारी बाराला सौर वीज ओसंडून वाहते. सूर्य कलायला लागला की ती दोन-तीन तासांत शून्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. उरलेल्या केंद्रांना तेवढ्या वेळात तो सगळा चढ चढावा लागतो. संध्याकाळच्या शिफ्टला कक्षात गप्पा बंद व्हायच्या त्या यामुळे. कॅलिफोर्नियातल्या ग्रिडचालकांनी २०१३ साली मागणीतून सौर वीज वजा करून आलेख काढला, तो बदकासारखा दिसला: दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान वर. तेव्हापासून जगभर त्याला डक कर्व्ह म्हणतात.

साठवण ही काही आजची कल्पना नाही. ब्रशने आपल्या तळघरात बॅटऱ्यांची रांग मांडली होती. ला कूरने पवनचक्कीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटवले. मध्येच स्फोट होऊन शाळेच्या काचा फुटायच्या, पण कल्पना तीच, जिला आज हरित हायड्रोजन म्हणून भविष्यातलं इंधन मानतात.

बॅटरी प्रकल्पाची बातमी वाचताना दोन आकडे शोधा: मेगावॅट आणि मेगावॅट-तास. दुसऱ्याला पहिल्याने भागा, किती तास चालेल ते कळतं. ऑस्ट्रेलियात २०१७ साली सुरू झालेली हॉर्न्सडेलची बॅटरी १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तासांची होती. म्हणजे पूर्ण ताकदीने सव्वा तासाहून थोडी जास्त. रात्र काढायला ती नव्हतीच. एखादं केंद्र अचानक बंद पडलं तर क्षणार्धात धावून जाणं आणि फ्रिक्वेन्सी सावरणं हे तिचं मुख्य काम, आणि ते ती उत्तम करते. बातमीत एकच आकडा असेल तर ती बातमी अपुरी समजा.

रात्रभराच्या साठवणीसाठी उदंचन प्रकल्प असतात. वीज जास्त असते तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की टर्बाइनमधून खाली सोडायचं. याचा हिशोब सोपा आणि डोळे उघडणारा आहे. १०० मीटर उंचीवरचं १,००० लिटर पाणी खाली आलं की नुकसान न धरताही युनिटच्या जेमतेम पाव भागाहून थोडं जास्त मिळतं. एका युनिटसाठी सुमारे ३,७०० लिटर. म्हणूनच या प्रकल्पांना डोंगर लागतात आणि अख्खे तलाव लागतात.

स्वस्त की महाग, आणि कोणत्या सालचं

सूर्यावर चालणारं यंत्र पहिल्यांदा तंत्रात हरलं नाही, हिशोबात हरलं. १८७८ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑग्युस्तँ मुशो या गणिताच्या शिक्षकाने मोठ्या आरशाने ऊन एकवटून बाष्पक तापवला आणि त्या उष्णतेवर चक्क बर्फ तयार करून दाखवला. सुवर्णपदक मिळालं. पण कोळसा स्वस्त होत गेला, तेव्हा सरकारने हिशोब मांडला आणि पैसे थांबवले. १९१३ साली फ्रँक शुमनने इजिप्तमध्ये कैरोजवळच्या मादी इथे पन्हळीसारखे लांबलचक आरसे लावून नाईलचं पाणी उपसलं, मिनिटाला २० हजार लिटरहून जास्त. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं, पाठोपाठ तेलाचा जमाना आला, आणि शुमनचे आरसे विस्मरणात गेले. १९७३च्या तेलसंकटाने दर भडकले तेव्हा सरकारांना पुन्हा सूर्य आठवला.

या खेपेला एक गोष्ट बदलली. सिलिकॉनचा घट कारखान्यातला माल आहे. जगातलं एकूण उत्पादन दर वेळी दुप्पट झालं की पॅनेलची किंमत सुमारे २० टक्क्यांनी उतरत आली आहे. १९७०च्या दशकापासून आजपर्यंतची घसरण ९९ टक्क्यांहून जास्त भरते. कोळशाचं तसं होत नाही, तो दर वेळी नव्याने खणावा लागतो, वाहावा लागतो, जाळावा लागतो. म्हणून ‘सौर वीज परवडत नाही’ असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, फक्त त्याचा आकडा कोणत्या सालचा आहे ते विचारा. आणि ‘सौर वीज सगळ्यात स्वस्त’ म्हणणाऱ्याला विचारा: दुपारची की रात्री नऊची? त्या दरात साठवण धरली आहे का?

टक्के कशाचे

२०२३ साली जगातली सुमारे ३० टक्के वीज अक्षय स्रोतांची होती. बातमीत कधी कधी त्याचं ‘३० टक्के ऊर्जा’ होऊन बसतं. वीज ही एकूण वापराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा भाग. बाकी गाड्यांतलं तेल, भट्ट्यांतला कोळसा, चुलींतलं लाकूड. त्या ३० टक्क्यांतही निम्म्याच्या आसपास वाटा धरणांचा आहे, हेही पाहून ठेवा. आइसलंडची जवळपास सगळी वीज अक्षय आहे हे खरं, पण ती नद्या आणि ज्वालामुखीच्या उष्णतेवर. ते भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

‘शंभर टक्के’ दिसलं की विचारा, वर्षाच्या बेरजेत की दर तासाला? दुपारी शेजाऱ्याला विकून रात्री त्याच्याकडून कोळशाची वीज घेतली तरी वर्षाची बेरीज शंभर येऊ शकते.

आणि अक्षय म्हणजे निर्धोक असं कोणी गृहीत धरू नये. १९७५ साली चीनमध्ये बांछियाओ धरण वादळी पावसात फुटलं आणि हजारो माणसं मेली. धरणांनी उठवलेली गावं तर जगभर आहेत.

मग एवढा खटाटोप कशाला? आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीने, २०१४ साली दिलेले आकडे बघा. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून एका युनिटमागे कोळसा सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, नैसर्गिक वायू ४९०, मोठं सौर केंद्र ४८, जलविद्युत २४, जमिनीवरची पवनचक्की ११. आता लिहून ठेवलेले १७ कोटी ५२ लाख युनिट काढा. प्रत्येक युनिटने कोळशाचं एक युनिट वाचवलं असेल, तर ७७२ ग्रॅमनी गुणून वर्षाला सुमारे १ लाख ३५ हजार टन येतात. वाचलेलं युनिट कोळशाचं नसून वायूचं असेल तर ४४२ ग्रॅमनी गुणा, आकडा बराच खाली येतो. बातमीत ‘इतके टन वाचले’ लिहिलेलं असतं, कशाच्या जागी ते लिहिलेलं नसतं.

लाख घरांचं काय

बातमीचं शेवटचं वाक्य हमखास असतं: ‘या प्रकल्पामुळे एक लाख घरं उजळतील.’ पुन्हा तेच युनिट घ्या आणि घरांच्या संख्येने भागा. १७ कोटी ५२ लाख भागिले १ लाख म्हणजे घरामागे वर्षाला १,७५२, महिन्याला १४६ युनिट. आता आपलं वीजबिल काढून शेजारी ठेवा. तुमचे ३०० जळत असतील तर तुमच्यासारखी घरं ५० हजारांच्याही खालीच निघतील. ८० जळत असतील तर १ लाख ८० हजारांहून जास्त. घरांचा आकडा कोणाचं घर धरून काढला ते बातमीत नसेल आणि युनिटही दिलेले नसतील, तर तेवढं वाक्य सोडून द्या. प्रकल्पाच्या वार्षिक अहवालात प्रत्यक्ष निर्मितीचा रकाना असतो, तो बघा.